नकाशा-दिवा

पुण्याचं गिऱ्हाईक गुडघ्यावर बसून
फियाटच्या डॅशखाली डोकावतं.
"हे काय? असलं कुठल्याच गाडीत नसतं.
म्हणजे बाहेरून बसवलेलं. वीस हजार कमी."

मी पाना पुसत राहिलो.

मग नाईकवाड्यांच्या सूनबाईंनी
बिस्किटाच्या डब्यातून बिल काढलं,
सहासष्ट सालचं, घडीवर फाटलेलं :
नकाशा-दिवा, एक नग, कारखान्यातून बसवून, रुपये बेचाळीस.

गिऱ्हाईक उभं राहिलं. आवाज खाली आला.
"असा दुसरा सापडायचा नाही."
उतरलेले वीस चढले, वर आणखी साठ.

नकाशा कसला? परभणीत होता कुणापाशी?
डॉक्टरीणबाईंना झरी, बोरी, पेडगाव
खड्ड्यांसकट पाठ.
त्या उजेडात त्या सुई भरायच्या,
गाडी चाकोरीत डुलत असायची
तरी थेंब सांडायचा नाही.

कारखान्याचा दिवा ब्याऐंशीतच गेला.
हा मी बसवला. मुनीर मिस्त्री, जिंतूर रोड.
भंगारातल्या ट्रॅक्टरचा, मान वाकवून,
रातच्याला, कारण पहाटे त्यांना बोरीला जायचं होतं.
किती झाले विचारलं, तर म्हणलं, राहू द्या.

आता बोलावं तर ऐंशी हजारांचं पाणी.
सूनबाई माझ्याकडं बघत नाहीत,
डब्याचं झाकण लावतात, काढतात, लावतात.

"बटण दाबून बघा," मी म्हणलो.

लागला.
फाटक्या बिलावर पिवळा उजेड,
बरोबर बेचाळीस रुपयांच्या ओळीवर.