अर्धा टेम्पो

तीन हात रुंद, नऊ हात लांब.
एवढीच माती माझ्या वाटणीची,
तीही पाण्याच्या मोटरला वळसा घालून.
दोन मोगरे, एक लिंबू, कढीपत्ता
आणि तीन वर्षं नुसतीच पानं काढणारा अनंत.

मांजलपूरचा मे महिना.
सकाळी सहाला पाणी घालावं
तर दहाला माती पापडासारखी उललेली.
कोणीतरी म्हणालं, झाडांची साल पसरा,
चार बोटं थर द्या, ओल टिकते.

मकरपुऱ्याच्या वखारीत फोन लावला.
मागे करवत चालू.
"केटली जोइए, बेन?" किरीटभाई ओरडले.
"थोडी," मीही ओरडले.
करवत थांबली.
"थोडी हे काय माप झालं, बेन?
अर्ध्या टेम्पोच्या खाली आपली गाडी निघत नाही.
चाळीस पोती. डिझेल तेवढंच, डायवर तोच,
तुम्ही सात घेतलीत म्हणून
रस्ता काय अर्धा होतो?"

नाही होत.
मला कशाला सांगायला हवं?
एकतीस वर्षं औषधांच्या कंपनीत
ऑर्डरींच्या तळाशी मीच टाइप करायचे:
किमान नग पाचशे.
एकदा छोटाउदेपूरकडचा एक डॉक्टर आला होता,
चपलांना लाल माती, हातात कापडी पिशवी.
त्याला साठ बाटल्या हव्या होत्या.
मी त्याला पाणी दिलं.
आणि छापील दरपत्रक.
पिशवीची घडी घालायला त्याला फार वेळ लागला.

आपल्या भाषेत केवढी लहान लहान मापं!
चिमूट, मूठ, पसा,
चिपटं, कोळवं, आणि सगळ्यांत धाकटं निळवं,
शेराचा सोळावा भाग,
म्हणजे कोणीतरी कधीतरी
तेवढंच मागायला येत असणार,
आणि तेवढ्यासाठी कोणीतरी
वेगळं भांडं घडवून ठेवलं असणार.
किरीटभाईंना हे गुजरातीत कसं सांगू?
कोपऱ्यावरचा सेवउसळवाला बरा,
प्लेट एकच घ्या,
तरी मागाल तितक्यांदा.

"पाठवा," म्हटलं. "अर्धा टेम्पो."

पहाटे पावणेसहाला भुपतनं
ढीग फाटकातच ओतला आणि सहाला पसार.
पोती नव्हतीच. पोत्यांचे पैसे वेगळे.
निलगिरी, बाभूळ, थोडा आंबा,
ओल्या लाकडाचा, डिंकाचा, जरा आंबूस वास
दुसऱ्या मजल्यापर्यंत.
सेक्रेटरी घोरपडे गाडी काढायला आले,
ढिगाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे:
"एवढी?"
"कमीत कमी," मी म्हटलं.

मग जो तो आपापलं भांडं घेऊन आला.
घोरपड्यांनी आधी नियम काढला, मग घमेलं.
झुबेदाबेनचा नातू टिफिनच्या डब्यात
तीन तुकडे घेऊन गेला, कासवासाठी.
रामसजीवननं चहाच्या चुलीला दोन पाट्या मागितल्या,
म्हटलं घे, तर एकच नेली.
वरच्या मजल्यावरच्या नव्या मुलीनं,
जिचं नाव मला आजवर ठाऊक नव्हतं,
बाल्कनीतून दोरीला बादली सोडली
आणि विचारलं, "किती घेऊ?"
बादली हवेत गोल फिरत होती.
मला पटकन उत्तर सुचेना.

दुपारी माझा थर घालून झाला.
चार बोटं, मोटरला वळसा घालून.
नखांत साल, गुडघे बोलतात.
अनंताचं काही सांगता येत नाही.

ढीग अजून आहे भिंतीशी.
सोसायटीची पिवळी कुत्री त्यात खळगा करून झोपते,
अंगाला लागेल तेवढाच.
काल किरीटभाईंचा फोन आला,
"केटली बची, बेन?"
मी खिडकीतून बघितलं.
"थोडी," म्हटलं.
पलीकडे करवत चालूच राहिली.