तिसरी फिरकी

कोत्काला बसमधून उतरलो तेव्हा उणे एकोणीस.
पाठीवर गिटार. आतल्या खिशात पाकीट, पाकिटात माझी व्हॅन,
म्हणजे व्हॅनचे पैसे. बँडमध्ये अजून
कुणाला बोललो नव्हतो.

आइली हॉयक्कानं दार उघडलं, बूट काढायला लावले,
आणि कॉफीच्या आधी फ्रीज उघडला.
लोणी, शेपूची जुडी, अर्धा खारवलेला मासा,
आणि पार मागे, लोकरी मोज्यात गुंडाळलेला,
तो.

हाल्ली. म्हणजे करडा सील.
अकराच पेडल बनवले ऊर्होनं,
जहाजांचे रेडिओ दुरुस्त करता करता,
फेरीबोटीच्या उरलेल्या हिरव्या रंगात.
चौघांचं काय झालं ते मला पाठ आहे:
एक ओउलूच्या दंतवैद्याकडे, काचेखाली, मुका.
एक ओसाकात.
एक रीगाच्या स्टुडिओला आग लागली, तीत गेला.
एक कुणा बासवाल्यानं दारूच्या नशेत तळ्यात फेकला,
आणि तो दर उन्हाळ्यात तिथेच पोहायला जातो.

"आत जर्मेनियम आहे," आइली म्हणाली, "उबेनं बिघडतं.
जूनमध्ये नाच असायचे तेव्हा हा
दुधाच्या गार खोक्याला टेकवून वाजवायचा."

ऊर्होच्या अँपला वायर लावली. पाय ठेवला.
आधी आवाज आलाच नाही. मग आला,
गोठलेल्या समुद्राला दूर कुठेतरी भेग पडावी
आणि ती तुमच्याच दिशेनं धावत यावी तसा,
शेवटी थोडा चिरकत, थोडा हसत.
शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं.

फिरक्या तीन.
पहिलीवर खिळ्यानं कोरलंय 'आवाज', दुसरीवर 'काटे'.
तिसरीवर काहीच नाही.
या तिसरीवर आम्ही आयुष्यं घालवली आहेत.
कुणी म्हणतं, दोनच्या काट्यावर ठेवा, धुकं उतरतं.
कुणी म्हणतं, तळाशी, अगदी तळाशी, एक दार आहे.
लॅपलंडचा एक म्हातारा तर शपथेवर सांगायचा,
ती फिरवली की त्याच्या मेलेल्या ड्रमरचा ठेका
अर्धी मात्रा आधी ऐकू येतो.

मी दोनवर नेली.
धुकं उतरलं. मानेवर शहारा.

आइली विणत होती. सुया न थांबवता म्हणाली,
"ती कशालाच जोडलेली नाही."

मग उठली, लोण्याच्या सुरीनं तळाचे चार स्क्रू काढले.
दोन फिरक्यांना वायरी, लाल, पिवळ्या.
तिसरीचे पाय कोरे. डाग दिल्याची खूणसुद्धा नाही.

"ऊर्हो म्हणायचा, वाजवणाऱ्याला
आपलं असं काहीतरी फिरवायला लागतं.
नाहीतर माझ्या दोन पिळून पिळून तोडतात."

चाळीस वर्षं त्यानं सगळ्यांची फिरकी घेतली
आणि हिनं ती जपली, लोण्यामागे.

मी हसलो. मग हसू येईना.
किंमत तीच राहिली. नोटा तिनं दोनदा मोजल्या.
मोजा मात्र ठेवून घेतला.
"तो त्याच्या डाव्या पायाचा आहे."

आता टाम्पेरेच्या तळघरात
आम्ही फेब्रुवारीत खिडक्या उघड्या टाकून सराव करतो.
बासवाला जाकीट घालून वाजवतो, कुरकुरतो.
व्हॅनचं कळलंय सगळ्यांना. सामान ट्रामनं नेतो.
फिरकीचं कुणाला सांगितलेलं नाही.
प्रत्येक गाण्याआधी मी वाकतो, ती दोनवर आणतो,
आणि मला, माहीत असूनही, धुकं ऐकू येतं.

परवा इल्पो काठ्या खाली ठेवून म्हणाला,
"ती तिसरी जरा कमी कर ना. फार दाटतंय."

मी वाकलो. केसभर मागे घेतली.

"हां," तो म्हणाला. "आता बरं."