ठिपका

उथळसरच्या गाळ्यात फ्रेमला आलेली ती डच बाई,
छापील, पांढऱ्या कॉलरची, ओठ मिटलेली.
गिऱ्हाईक शुक्रवारी येतो म्हणालं, आलंच नाही.

काच बसवण्याआधी पांचाळमामांनी
तिच्या बुबुळावरचा पांढरा कण अंगठ्यानं पुसला.
मग फडक्यानं. मग थुंकी लावून.
जाईना.

धूळ नाही मामा, खिडकी आहे ती,
चितारी बसला होता तिथली.

मामा गर्रकन मागे वळले.
मागे भिंत. खिळ्याला टांगलेले
सोनेरी पट्ट्यांचे कोपरे.

आता मजुरी सांगताना
एकदा तिच्याकडे बघतात,
आकडा जरा खाली येतो.

आणि रात्री शटर ओढलं
तरी वीतभर उघडंच.
चोर शिरेल, मी म्हणते.
शिरू दे.
बघून घेईल ती.