हाडाचा सुतार

बोरा वाऱ्याने त्याला कोपऱ्यावर गाठलं,
हातातल्या पावासकट.
"पाव घरंगळत पार बंदराकडे गेला," तो सांगतो,
"आणि मी तिथेच."
उजवा पाय बाहेर वळलेला, आखूड,
दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

एर्विनो श्केर्क, वय अठ्ठ्याऐंशी.
मोनफाल्कोनेच्या गोदीत एकेचाळीस वर्षं सुतार:
जहाजांच्या खोल्या, जिने, कठडे.
रक्त पातळ करायची गोळी चालू, म्हणून एक दिवस थांबलो.
आणखी थांबणं परवडलं नसतं,
या वयात बिछाना माणसाला हळूहळू पिऊन टाकतो.

मी भूल देते.
मणक्यांच्या फटीत बारीक सुई, टोकाशी पाण्याचा थेंब,
आणि कमरेखालचा एर्विनो गेला.
वरचा मात्र जागा. झोपेचं औषध नको म्हणाला.
"माझ्या घरात काम चाललंय, आणि मी झोपू?"

हिरव्या पडद्यापलीकडे डॉक्टर लुचिल्ला.
पाय ओढला, आत वळवला;
क्ष-किरणांच्या धूसर चित्रात
तुटकी टोकं एकमेकांना शोधत जुळली.
चीर माझ्या बोटाएवढी. मग ड्रिल.
अलीकडे तो कान देऊन.
"गिरमिट बोथट आहे."
कुणीतरी हसलं. लुचिल्ला हसली नाही,
तिने दुसरं मागवलं.

मग हाडाच्या पोकळीत सळई, आणि हातोडा.
ठक. ठक.
प्रत्येक घावाला त्याचा खांदा टेबलावर सरकत होता.
मी त्याचा हात धरला; खरं तर त्यानेच माझा.
अंगठ्याला अर्धं नख नव्हतं.
ठक. ठक. मग आवाज भरीव झाला,
आणि कुणी चित्राकडे बघायच्या आत
तो म्हणाला, "बसली."
लुचिल्लाने पडद्यावरून डोकावून पाहिलं.
"बसली," ती म्हणाली.

"किती वर्षं टिकेल?"
टायटॅनियम आहे, मी म्हटलं, तुमच्यापेक्षा जास्त.
हे बोलायला नको होतं.
चार-पाचांतला एक पुढचा हिवाळा बघत नाही,
ते तर मी बोललेच नाही.
तो छताकडे बघत राहिला.
"जहाजांचंही तसंच. लाकूड आधी जायचं,
खिळे राहायचे."

सकाळी वॉर्डात त्याला उभं केलं.
दोघीजणी, एक वॉकर,
वारा अजून खिडक्या खडखडवतोय.
पाऊल त्याने टाकलंच नाही.
उजव्या टाचेवर नुसता भार दिला,
काढला, पुन्हा दिला,
नवा जिना तपासावा तसा,
माणसं चढायच्या आधी.