अर्धा मार्क

खानापुरात, लाकडाच्या वखारीवरच्या माडीवर
साडेसहाला माझी शिकवणी भरते.
खालची करवत थांबली
की मगच व्याकरण ऐकू येतं.

आज पार्टिसिपल.
म्हटलं, हे क्रियापदच, पण ड्यूटीवरून सुटलेलं.
काळ खुंटीला टांगून
नामाच्या ओसरीवर टेकलेलं.
'बस यायलीय', हे क्रियापद. वाक्य संपलं, पिशव्या उचला.
'लोंढ्याहून यायलेली बस',
हं, तिचं पुढं काय?
पंक्चर झाली? भरून आली?
वाक्य अजून फाट्यावरच उभं.

आणि आयएनजी दिसलं की लगेच रेघ मारू नका.
'स्विमिंग मला आवडतं' यात ते चक्क नाम आहे.
मलप्रभेत पोहणारा पोरगा, तिथं विशेषण.
मलप्रभा हे नाव ऐकून
तिसऱ्या बाकावरची मलप्रभा कुंभार दचकून उठली.
बस गं, तू नव्हे, नदी.

भाजणारी ती भट्टी, भाजलेलं ते कौल.
बोअरिंग मी, बोअर्ड तुम्ही.
एवढं मात्र सगळ्यांना पटकन कळलं.

ईरण्णा अंगडीनं लिहिलं होतं, स्लेप्ट डॉग.
झोपलेलं कुत्रं, मॅडम, बरोबर हाय की.
त्याची चूक कशी म्हणू?
आपण झोपलेला म्हणतो, बसलेला म्हणतो,
जणू ते काम उरकून मोकळे झाले.
कन्नडातबी तसंच, कूत, म्हणाला ईरण्णा.
दोन्ही भाषा एका बाजूला, इंग्रजी एकटी पलीकडं.
तिच्यात झोपलेलं कुत्रं अजून झोपतंच आहे,
बसलेला माणूस अजून बसतोच आहे.
त्याचं बसणं संपतच नाही.
असं का, ते मला बीएडला कुणी सांगितलं नाही.

मग मलप्रभाची वही.
सिटिंग बाय द किल्न ऑल नाइट,
द टाइल्स टर्न्ड रेड.
मी ते मोठ्यानं वाचलं. तिथंच चुकलं माझं.
म्हणजे रात्रभर भट्टीपाशी कौलं बसली होती?
चहा घेत? बिडी ओढत?
पोरं बाकांवर आडवी झाली.
कर्ता कुठाय, मलप्रभा?
बघ, कसं लोंबकळतंय,
खालून धरायला कुणी नाही.

ती उभी राहिली. वेणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,
बाबा बसायचा, मॅडम.
भट्टी विझली, तवापासनं मडगावला हाय, हॉटेलात.
आता त्याला वाक्यात घातला
तर पुढं त्याला काम काय द्यायचं?
लाल तर कौलंच झाली की ओ.

कुणी हसलं नाही. ईरण्णानं
उगाच खोडरबर शोधला.
खाली कुणीतरी परत करवत लावली,
सागाचा भुसा वर आला, दिव्याभोवती फिरत राहिला.
मी फळ्यावर लिहिलं:
सिटिंग बाय द किल्न, माय फादर
आणि तिथंच खडू थांबला.
वॉच्ड म्हणू? की फेड द फायर?
मी भट्टी पेटलेली कधी पाहिलेली नाही.
तूच सांग, म्हटलं.
ती म्हणाली, तसं काय करायचा नाही, मॅडम.
मधनंच एक ढलपी आत सारायचा.
आन् खोकायचा.

रात्री घरी वह्या तपासल्या.
बाकीच्या पटपट झाल्या.
तिच्या वाक्याशी पेन आडलं.
सिटिंग. बसलेला नव्हे.
दोन वाजले असतील, कुणीतरी
ढलपी आत सारली.

अर्धा मार्क दिला.
शेजारी लिहिलं, बोर्डात हाही मिळणार नाही.
ते खोडलं.
मग परत लिहिलं,
परीक्षेला तेवीस दिवस उरलेत.