पालकसभा

सकाळी सहाला मंडईत
हौसाबाईंच्या पाटीतून मी जुडी निवडते:
कोवळी, भोक न पडलेली, पाणी न मारलेली.
"भाजीलाच ना?" त्या दर वेळी विचारतात,
मी दर वेळी "हो" म्हणते.
तसं खोटं नाही. वाटणारच असते मी ती,
फक्त बर्फात, मोजून घेतलेल्या साखरपाण्यात,
आणि अंधारात.

विभागातली थंड खोली. चार अंश.
धोत्रेमामांनी लावून ठेवलेला हिरवा दिवा.
हिरवाच का, ते पहिल्या वर्षी त्यांनीच सांगितलं:
"पानाला हिरवं नको असतं मॅडम,
म्हणून तर ते आपल्याला देतं."
थोडंफार घेतं, मी पुस्तकी दुरुस्ती केली.
"घेत असंल," ते म्हणाले,
आणि स्वेटरची बटणं लावत बाहेर उन्हात गेले.

मलमलीतून गाळायचं. सेंट्रीफ्यूज गरगरतं.
नळीच्या तळाशी उरतो एक ठिपका,
मेंदीच्या कोनातून चुकून पडावा तसा:
लाखो हरितलवकं,
घराबाहेर काढलेली, तरी अजून कामावर.
निळा रंग घाला, दिव्यासमोर धरा,
निळं विरत जातं
कुणी देखरेख करत नसतानाही.
तास, दीड तास.
मग दमतात.

त्या दिवशी गुरुवार होता, विसरले.
दहाच्या ठोक्याला वीज गेली,
सेंट्रीफ्यूज हुंकार देत देत थांबलं
आणि त्या शांततेत मोबाइल चमकला:
सभा संपली. आपण आला नाहीत. तांबोळी मॅडम.

रेवाने वर्गात सांगितलं होतं म्हणे,
"आईला आज पालक आहे."
सगळे हसले.
"पालक आहे की पालक आहेत?" बाईंनी विचारलं,
व्याकरणाच्याच बाई त्या.
"पालक वाटतेय," ही म्हणाली.
मला घरी हे सांगताना
ती हसत नव्हती.

आमच्या कर्वेनगरच्या गॅलरीसमोर
आता बारावा मजला चढतोय.
आधी तिथे साडेदहापर्यंत ऊन असायचं.
कुंडीतल्या अळूने मात्र तक्रार केली नाही,
पानं थोडी रुंद झाली, रंग दाट.
मी एक पान खुडून विभागात नेलं,
हिऱ्याच्या सुरीने कापलं,
इतकं पातळ, की 'कापलं' म्हणायला संकोच वाटावा.

रात्री जेवणाच्या टेबलावर प्रिंट पसरल्या.
"यात हिरवं कुठेय?"
नाही. त्या सूक्ष्मदर्शकाला रंग कळत नाही,
सगळं करडं, जुन्या लग्नाच्या फोटोसारखं.
पण हे बघ, या चळती,
आजोबा सुट्टे पैसे रचून ठेवायचे तशा.
उन्हातल्या पानात सात-आठ नाण्यांच्या.
आणि हे आपल्या गॅलरीतलं.
ती वाकली. केस वरणात बुडता बुडता राहिले.
"ऊन कमी, तर नाणी जास्त?"
जेवढं मिळतं, तेवढं वाया जाऊ नये म्हणून.
"समोरच्या बिल्डरला सांग," ती म्हणाली.

मग मी तिला ते सांगितलं
जे मला अजूनही नीट पटत नाही:
ही कधीकाळी मोकळी होती, पाण्यात, एकटी.
कुणीतरी गिळलं, पण पचवलं नाही.
अजून त्यांच्याकडे त्यांची स्वतःची वेगळी वही आहे,
बरीचशी पानं हरवलेली,
आणि बहुतेक झाडांत ती आईकडूनच येते.

"म्हणजे पेशी त्यांची आई नाही."
नाही.
"मग पालक?"
मी काहीच बोलले नाही.
वरण गार झालं होतं.

पेन्सिलने ठिपके देत ती मोजू लागली,
ओठ हलवत, चळतीच्या तळापासून.
"एकोणीस."
माझ्या नोंदीत वीस होते.
मी नोंद दाखवली नाही.
सरकून बसले तिच्या बाजूला,
"थांब," म्हटलं, "परत मोजू.
या वेळी वरून."