ठराव क्रमांक सात

बारवी धरणाखालच्या आमच्या गावात
वाईनची सोसायटी आहे म्हटलं की
ठाण्याचे पाहुणे आधी हसतात,
मग बाटली मागतात.

द्राक्षं नाहीत. जांभळं.
एकेचाळीस सभासद, दोनशे अठरा झाडं
आणि पत्र्याची एक शेड, जिथे पूर्वी भाताची गिरणी होती.
अजून वारा फिरला की
तुळयांवरचा कोंडा टाक्यांवर उतरतो.

चिटणीस मी. अक्षर बरं म्हणून.

त्या दिवशी काथोड भोईरचे सतरा क्रेट परत गेले.
फळ टपोरं, एकात अळी नाही.
चांगुणाबाईने एक जांभूळ उचललं, हुंगलं,
पुन्हा होतं तिथे ठेवलं.
"काथोड, मुंग्या कुठं गेल्या रं?"

मुंग्या नव्हत्या.
एकसुद्धा.
काथोड आधी क्रेटकडे बघत राहिला,
मग माझ्याकडे.
माझा सख्खा मेव्हणा तो.

चांगुणाबाई वाईन पीत नाही.
वीस वर्षांपूर्वी ओढ्याकाठचे हातभट्टीचे पिंप
तिने कोयत्याने फोडले होते.
तो नवसागराचा वास म्हणे अजून जात नाही नाकातून.
त्याच नाकावर आमची सोसायटी चालते.

रात्री सभा. मी लिहीत गेलो:
फवारलेलं फळ घ्यायचं नाही, कुणाचंही.
काठीने झोडपायचं नाही, खाली जाळी धरायची.
शेंड्याचं वटवाघळांना.
(यावर चर्चा झाली नाही. तिथवर चढतो कोण?)
बाटल्या परत घेऊन, धुऊन, पुन्हा भरायच्या,
धुण्याचं पाणी केळींना.
सूचक, चांगुणा बुधाजी घरत.
अनुमोदक

इथे पेन थांबलं.
पंख्याचा आवाज तेवढा.

मागून काथोडने हात वर केला.
मनगटापर्यंत जांभळा,
शेडमधल्या बाकी ऐंशी हातांसारखाच.

सतरा क्रेटचं फळ त्यानेच खड्ड्यात ओतलं,
वर माती ओढली.
माझी बायको आठ दिवस
मला नुसतं ताट वाढत होती.

यंदा त्याचे नऊच क्रेट आले.
फळ बारकं, काही पोखरलेलं.
चांगुणाबाईने हात घातला
तशी एक मुंगी तिच्या बांगडीवर चढली,
काचेवरून घसरली, पुन्हा चढली.
बाईने हात हलवला नाही.
आम्ही तिघेही बघत उभे.

मुंगी उतरली.
मग मी वजन लिहिलं.